मधेच घेतलेला श्वास

१२ मार्च

भाऊजी,

अक्षर ओळखलंत ना? मग पाकीट लगेच कोपऱ्यात भिरकावू नका, हे समेटाचं पत्र नाही. तुम्हा दोघा भावांच्या भांडणात मी तेव्हाही पडले नव्हते आणि आताही मला ती हौस नाही. एक साधी गोष्ट विचारायची आहे, आणि ती विचारावी असं दुसरं माणूस आता राहिलेलं नाही.

मास्तरांची ती संथ धून आठवते? बागेतल्या कार्यक्रमाच्या शेवटी बँड वाजवायचा ती. तिची दुसरी ओळ खालून हळूहळू वर चढते आणि वर गेल्यावर बराच वेळ तिथेच थांबते. ती ओळ एका श्वासात वाजवायची असते, हो ना? मला सुरांतलं काही कळत नाही. पण मी पुढच्या खोलीत शिलाई मशीनवर बसते, हे आतल्या खोलीत क्लॅरिनेट वाजवतात, आणि इतक्या वर्षांत त्या ओळीवर माझा पाय आपोआप चालायला लागलाय. हल्ली हे वर पोचायच्या आधी मधेच श्वास घेतात. माझा पाय अडखळतो आणि मग माझ्या लक्षात येतं. काल एका गिऱ्हाइकाच्या बाहीची शिवण वाकडी गेली, ती उसवून परत घालावी लागली.

मी विचारलं, "अहो, तिथे थांबायला लागलात का?" तर म्हणाले, "धून आता अशीच वाजवायची ठरवलीय."

तर प्रश्न एवढाच, की त्या ओळीत तिथे श्वास घेतलेला चालतो का? मास्तरांनी तुम्हा दोघांना शेजारी शेजारी बसवून शिकवलं, म्हणून विचारते. बाकी यांची तब्येत उत्तम आहे.

फोनच केला असता, पण यांचे कान तुम्हाला माहीत आहेत. पलीकडच्या खोलीतून फोनवरचा माणूस ओळखतात. उत्तर घरी पाठवू नका. कोपऱ्यावरच्या बटणवाल्याच्या पत्त्यावर पाठवा, माझं दोरा-अस्तराचं सामान तिथूनच येतं.

तुमची वहिनी


२९ मार्च

भाऊजी,

बटणवाल्याला मी रोज विचारते आणि तो रोज नकारार्थी मान हलवतो. माझी काहीतरी भानगड चालली आहे अशी त्याची खात्री झालीय. या वयात माझ्याबद्दल कुणाला एवढं वाटतं, हेही काही कमी नाही.

गेल्या पत्रात 'तब्येत उत्तम' लिहिलं ते खोटं होतं. तुम्हाला घाबरवायचं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर स्वतःलाही नव्हतं.

आम्ही अजून तिसऱ्याच मजल्यावर राहतो. हे वर येताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थांबतात आणि वाकून बुटाची लेस बांधतात. मला वाटलं, लेस जुनी झाली असेल, म्हणून मी नवी आणून घातली. तरी थांबणं आहेच. परवा मी यांच्या मागेच होते. लेस घट्ट बांधलेली होती. यांनी ती सोडली आणि परत बांधली, अगदी सावकाश, आणि तेवढ्या वेळात यांचे खांदे भात्यासारखे वरखाली होत होते. मी खालच्या पायरीवर उभी राहून पिशवीत किल्ल्या शोधत बसले. किल्ल्या माझ्या हातातच होत्या.

कोरडा खोकला बरेच महिने आहे. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांनी आधी औषधाची बाटली दिली, मग जंतूंवरच्या गोळ्या, मग दुसऱ्या, जास्त कडक. संध्याकाळी अंग मोडून येतं, कणकण भरते, आणि सकाळी हे खडखडीत बरे. फोटो काढला तर त्यात काहीतरी सावली दिसली. क्षय असेल म्हणून थुंकी तपासली. क्षय निघाला नाही. मग दमा ठरला आणि पंप आला. पंप ओढला की दम्याच्या माणसाला मोकळं वाटतं म्हणे. हे पंप ओढतात, तोंड वाकडं करतात आणि परत खोकतात.

मधे हे मुलीकडे काही दिवस राहून आले. तिथे ताप नाही, खोकला नाही, तिच्या घराचे जिने गप्पा मारत चढले. लेकीने फोन करून मला ऐकवलं, "आई, बाबांना माझ्या हातचं मानवलं बघ." इथे परत आल्यावर चार दिवसांत पुन्हा तेच. म्हणजे माझ्या हातचं बाधतं असं ठरलं. हे बरे होणार असतील तर मी तेसुद्धा मान्य करीन.

मुलीकडे जाताना यांनी क्लॅरिनेट नेली नव्हती. हे आत्ता लिहिता लिहिता माझ्या लक्षात आलं. कशाला लिहिलं कोण जाणे, पण आता लिहिलंय तर खोडत नाही.

पुढच्या आठवड्यात छातीच्या मोठ्या डॉक्टरांकडे जायचं आहे.

वहिनी


९ एप्रिल

भाऊजी,

उत्तर नाही. ठीक आहे. मीही हट्टी घरातच आले आहे, मला सवय आहे.

छातीच्या डॉक्टर आपल्या मुलीच्या वयाच्या निघाल्या. खोलीत शिरताना यांनी माझ्याकडे असा कटाक्ष टाकला, की ही पोर मला काय सांगणार. आधी फुंकरीची तपासणी होती. नाकाला चिमटा लावायचा, एक नळी तोंडात धरायची, छाती भरून श्वास घ्यायचा आणि एका दमात सगळा बाहेर फेकायचा. हे माझ्या कानात म्हणाले, "यांचं यंत्र मोडलं नाही म्हणजे मिळवलं." जन्मभर फुंकण्यावर मान मिळवलेला माणूस तो. यांनी फुंकलं. पडद्यावरची रेघ झटकन वर गेली आणि लगेच संपली. पुन्हा फुंकायला लावलं, पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा फुंकल्यावर यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

डॉक्टर म्हणाल्या, "काका, दमा असता तर नळ्या आवळून हवा बाहेर यायला अडली असती, फुंकर रेंगाळली असती. तुमची हवा कुठे अडत नाही. ती मुळात आत शिरतेच कमी. बाटलीचं तोंड अरुंद झालेलं नाही, बाटलीच लहान झालीय."

"मग तो पंप?"

"पंप तोंड मोठं करतो. बाटली नाही."

मग पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. म्हणाल्या, "शिट्टी नाही." मला जवळ बोलावलं. "काकू, कानाजवळचे चार केस चिमटीत धरा आणि चोळा." मी चोळले. बारीक चरचर झाली. "काकांनी श्वास आत घेतला की पाठीत खाली, दोन्ही बाजूंना, हा आवाज येतो." तेव्हापासून वेणी घालायला बसले की हात थांबतो माझा.

नंतर बोटाला चिमटा लावून यांना व्हरांड्यातून चालवलं, तर चालता चालता त्यावरचा प्राणवायूचा आकडा उतरत गेला. छातीचा मोठा फोटो निघाला त्यात काच धुरकटावी तसं दिसत होतं. मग डॉक्टरांनी प्रश्नांची सरबत्ती सुरू केली. घरात पक्षी पाळलेत? खिडकीत कबुतरं बसतात? भिंतीला ओल? धान्याचं कोठार? पिसांच्या उशा? हे प्रत्येकाला "नाही" म्हणत होते आणि प्रत्येक 'नाही'बरोबर खुर्चीत जरा ताठ होत होते.

"दिवसभर काय करता?"

"पाणीपुरवठ्याच्या कचेरीत होतो. निवृत्त झालो."

मी म्हणाले, "वाजवतात. क्लॅरिनेट. बागेतल्या बँडचे मुख्य आहेत."

डॉक्टरांचं पेन थांबलं. "ती आतून कधी पुसता?"

हे चष्मा काढून पुसायला लागले. उत्तर तुम्हाला माहीत आहे, भाऊजी, मला माहीत आहे, आणि मास्तरांच्या प्रत्येक शागिर्दाला माहीत आहे. बाहेरून चकाकली पाहिजे, पण आत पाणी नाही, कापड नाही. वाजवणाऱ्याचा श्वास लाकडात मुरतो, तेव्हा कुठे सूर पिकतो. मास्तर गेल्यावर त्यांची क्लॅरिनेट आपल्या घरी आली, तेव्हा तुम्ही पेटी उघडून नाक धरलं होतंत. म्हणाला होतात, "दादा, आत बुरशी आहे. ही खोलून साफ करू, छिद्रांवरच्या गाद्या बदलू." आणि हे म्हणाले होते, "मास्तरांचा श्वास पुसायला निघालास? हिला हात लावलास तर तू माझा भाऊ नाहीस." तुम्ही न प्यालेला चहा मी मोरीत ओतला होता. मग तुम्ही दुसऱ्या गावी जाऊन वाद्यदुरुस्तीचं दुकान काढलंत, आणि या घरात तुमचं नाव निघायचं बंद झालं.

डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. वाद्यात ओल धरते, त्यात बुरशी वाढते, वाजवणारा तोंडाने झटकन श्वास ओढतो तेव्हा ती धुळीसारखी आत जाते. सगळ्यांना बाधत नाही. ज्याला बाधते त्याच्या फुप्फुसाला सूज येते, संध्याकाळी ताप चढतो. आता थांबलं तर बरीच सूज उतरेल. नाही थांबलं तर सुजेचा व्रण होतो, आणि व्रण जात नाही. "ती क्लॅरिनेट घेऊन या," म्हणाल्या, "आतून नमुना घेऊ."

 घरी आले, आत गेले आणि वाजवायला बसले.

वहिनी


१८ एप्रिल

भाऊजी,

नमुन्याचा निकाल आला. क्लॅरिनेट स्वच्छ आहे, बुरशी वगैरे काही नाही. हे खुशीत आहेत. "बघ, मास्तरांची वस्तू निर्दोष निघाली," असं मला तीनदा सांगून झालं.

डॉक्टर मात्र कोड्यात पडल्या. आजार तर दिसतोय आणि त्याचं कारण सापडत नाही. म्हणून आता बरगड्यांमधून छेद देऊन फुप्फुसाचा तुकडा काढायचा आणि तपासायचा. त्यासाठी सव्वीस तारखेला दाखल व्हायचं, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन.

एवढंच कळवायचं होतं.

वहिनी


१९ एप्रिल

भाऊजी,

कालचं पत्र पेटीत टाकून परत आले आणि मला स्वतःचीच शरम वाटली. त्यात सगळं खरं लिहिलं, फक्त एक गोष्ट सोडून.

यांच्याकडे दोन क्लॅरिनेट आहेत. एक मास्तरांची. दुसरी नवी, शिकायला येणाऱ्या मुलांना हातात द्यायची, जी कुणीही पुसतं. नमुना द्यायला गेलो तेव्हा पेटी मास्तरांचीच होती, खाकी, कोपऱ्यावर घासलेली. डॉक्टरांनी झाकण उघडलं. मास्तरांच्या क्लॅरिनेटला वरच्या सांध्याला काळा दोरा गुंडाळलेला आहे, तो मीच माझ्या रिळातून काढून दिला होता. आतल्या क्लॅरिनेटला दोरा नव्हता.

मी यांच्याकडे पाहिलं. हे समोरच्या भिंतीवरच्या तक्त्यात फुप्फुसाचं चित्र बघत होते, जणू परीक्षाच द्यायची आहे. मी गप्प बसले. घरी येऊन मात्र तोंड सोडलं. "अहो, त्या बिचाऱ्या पोरीला फसवता? स्वतःच्या छातीशी खेळ करता?" तर हे म्हणाले, "छाती माझी आहे. कापू दे. पण ती खोलली आणि मास्तरांचा सूर गेला तर मी वाजवू काय?" मग माझा हात धरला आणि कुणाला सांगणार नाही असा शब्द घेतला. यांचे ओठ निळसर दिसत होते. मी दिला शब्द. दुसरं काय करणार होते तेव्हा?

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलंय, की अशा फुप्फुसांना ऑपरेशनच कधी कधी झेपत नाही. सूज एकदम भडकते आणि मग हातात काही राहत नाही. हे यांना सांगितलेलं नाही. म्हणजे हे एका चुकीच्या क्लॅरिनेटपायी टेबलावर झोपणार, आणि ते फक्त मला माहीत असणार. आणि आता तुम्हाला.

तुम्ही एक ओळ यांना लिहा, भाऊजी. शिव्या द्या हवं तर. तुमच्याशी भांडायला तरी हे उठून बसतील.

वहिनी


२६ एप्रिल, रुग्णालय

भाऊजी,

तुमचं कार्ड आलं. बटणवाल्याने ते वाचलंय, कारण हातात देताना तो म्हणाला, "ताई, तब्येतीला जपा त्यांच्या." तुम्ही लिहिलंत, "वहिनी, त्या ओळीत तिथे श्वास नाही. माझं दादा ऐकायचा नाही. डॉक्टरांना सांगून टाका. त्याचा राग सोसता येतो, मी सोसलाय." ते कार्ड मी दोन दिवस पोलक्यात ठेवून फिरत होते.

आज यांना दाखल केलं. पाठीमागे बंद असलेला तो हिरवा अंगरखा यांना घातला, बंद मीच बांधले. डॉक्टर संमतीचा कागद घेऊन आल्या. यांनी चष्मा लावला, पेन घेतलं आणि सही कुठे करायची ते विचारलं.

माझी पिशवी मांडीवर होती. तिच्यात एका गिऱ्हाइकाच्या कोटाचं अस्तर होतं, आणि त्या अस्तरात गुंडाळलेली मास्तरांची क्लॅरिनेट. सकाळी हे दाढी करत असताना मी ती कपाटातून काढली होती. इथवर येईपर्यंत ठरलं नव्हतं, की दाखवायची की तशीच परत न्यायची.

पेन कागदाला टेकलं तेव्हा मी म्हणाले, "डॉक्टर, तो नमुना दुसऱ्या क्लॅरिनेटचा होता. ही खरी."

यांनी पेन खाली ठेवलं. मग हे म्हणाले, "तू शब्द दिला होतास."

"दिला होता. मोडला."

डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांनी क्लॅरिनेट नाकाशी नेली, पटकन लांब केली आणि संमतीचा कागद घडी करून खिशात घातला. ऑपरेशन रद्द झालं. क्लॅरिनेट नमुन्यासाठी गेली. जाताना म्हणाल्या, "काकू, उद्या सांगितलं असतंत तर उशीर झाला असता."

हे भिंतीकडे तोंड करून पडले आहेत. मी पाणी दिलं ते घेतलं नाही. मी बाहेर बाकावर बसून हे लिहितेय, आणि आतून खोकला ऐकू येतोय. ते खोकतायत तोवर मला बरं वाटतंय, असं लिहायला नको, पण तसंच आहे. रागावलेला नवरा मला चालेल.

वहिनी


११ मे

भाऊजी,

घरी आल्यावर हे माझ्याशी बोलत नव्हते. काही हवं असलं की मशीनच्या फळीवर बोट वाजवायचे. मीही कमी नाही, मीही बोटच वाजवून उत्तर द्यायची. सुजेवरच्या गोळ्या मात्र वेळेवर घेत होते. आतल्या खोलीतून आवाज येत नव्हता, आणि मला शिवण घालताना चुकल्यासारखं होत होतं.

परवा निकालाला गेलो. डॉक्टरांनी एक झाकणाची चपटी काचेची बशी पुढे ठेवली. तिच्यात हिरवट-राखाडी गोल उगवलेले होते, मऊ, लव असल्यासारखे. यांच्या रक्तातही त्याच बुरशीच्या खुणा सापडल्या होत्या. यांनी बशी जवळ ओढली आणि झाकणावरून बोट फिरवलं.

"हे सगळं तिच्यात होतं?"

"हो, काका."

मग कुणी विचारलं नसताना म्हणाले, "मास्तरांना शेवटी शेवटी संध्याकाळी ताप यायचा. सकाळी उतरायचा. सगळे दमा म्हणायचे. पंप होता त्यांच्याही उशाशी."

डॉक्टर म्हणाल्या, "ज्यांना मी तपासलंच नाही, त्यांच्याबद्दल मी कसं सांगू?" तेवढ्याने यांचं समाधान झालं नाही आणि व्हायचंही नव्हतं. बाहेर व्हरांड्यात हे बाकावर बसले आणि रडले. मी यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं, मास्तर गेले तेव्हाही नाही. म्हणाले, "मी त्यांचा श्वास जपत होतो गं. आणि त्यांचा आजारच जपत बसलो." मला त्या गेलेल्या माणसाचा भयंकर राग आला. आणि मग वाटलं, त्यांना तरी कुठे कुणी सांगितलं होतं? त्यांनाही त्यांच्या मास्तरांनीच शिकवलं असणार.

ताप गेलाय. खोकला उतरतोय. फुप्फुसाच्या तळाशी व्रण झालाय तो राहणार, आणि ती दुसरी ओळ एका श्वासात परत येईल असं डॉक्टर सांगत नाहीत. काही महिने वाजवणं बंद. नंतर बघू म्हणाल्या, पण आतून-बाहेरून साफ केलेल्या वाद्यावर आणि रोज पुसून.

काल सकाळी हे फळीवर बोट न वाजवता माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "धाकट्याचं दुकान कितव्या मजल्यावर आहे?"

"मला काय माहीत?"

"बटणवाल्याने मला सगळं सांगितलंय," म्हणाले. बघा, मी याच माणसाकडून एवढी वर्षं बटणं घेतली!

"दुसऱ्या," मी म्हणाले. "पत्त्यावर तसं आहे. अहो, त्यांनाच खाली बोलावू."

"मी चढेन. त्याला लिही, रविवारी येतोय. पेटी मीच आणतो, दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायची नाही." दारापर्यंत गेले आणि पाठमोरेच थांबले. "आणि त्याला म्हणावं, हात लाव."

तर रविवारी आम्ही येतोय. क्लॅरिनेट प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून पेटीत ठेवली आहे. लाकडाला तडा जाऊ नये एवढं बघा, आणि गेलाच तर यांना मी सांगीन, तुम्ही सांगू नका. हे भेटल्यावर फार बोलणार नाहीत. धरून वर न्यायला जाऊ नका, झिडकारतील.

जिन्याच्या वळणावर हे थांबतील आणि बुटाची लेस बांधायला वाकतील. लेस सुटलेली नसते. तुम्ही पुढे जाऊ नका, आणि काय झालं म्हणून विचारूही नका. शेजारी वाका आणि आपलीही बांधत बसा. पायात चपला असल्या तरी.

तुमची वहिनी